आखाजीची एकच चावी

बसस्टँडच्या भिंतीला लागून डांगरांच्या हातगाड्या उभ्या राहिल्या की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. आखाजी आली. बाकीचे ज्याला खरबूज म्हणतात ते आमचं डांगर. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पितरांसाठी पाण्याची घागर भरायची आणि तिच्यावर हे डांगर ठेवायचं. उरलेला महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो म्हणे. खानदेशातल्या लेकी त्या दिवशी माहेरी असतात.

काल कॉलेजातून येताना मीही एक डांगर घेतलं. त्याचा वास अख्ख्या रिक्षात पसरला. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "माहेरी निघाल्या का, ताई?" मी हो म्हटलं. खरं तर माझं अजून ठरलेलं नाही. अमळनेरहून दादाचा फोन येऊन गेला, "येशी नं, शालू?" त्यालाही मी नुसतं हं केलं. एवढ्या वर्षांत आखाजीला जायचं की नाही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो गेल्या वर्षीपासून पडायला लागला आणि तो ज्यांनी पाडला त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

जळगावचा वैशाख सांगायची सोय नाही. दुपारी नळाला हात लावला तर चटका बसतो. कूलरमधल्या वाळ्याचा वास हाच काय तो घरातला गारवा. आणि अशा घरात दिवाणाशेजारी एक काळा डबा रात्रंदिवस घुरघुरत असतो, त्याच्यावर टेबलफॅन सोडलेला असतो. यजमानांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "माणसं घामानं निथळतायत आणि डब्याला वारा." हा डबा म्हणजे माझ्या लॅबमध्ये निकालात निघालेला जुना कॉम्प्युटर. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते, त्यामुळे असली भंगारं माझ्याकडे आपोआप येतात. याच्यात मी मोठी हार्ड डिस्क बसवली आणि त्याचा घरचा सर्व्हर केला. सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्या करतात तेच, फक्त घरापुरतं. आपल्या लग्नांच्या कॅसेटी, आपले फोटो, आपली गाणी एका डब्यात ठेवायची, आणि नातेवाइकांनी आपापल्या गावी टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर बघायची.

त्यातली गाणी म्हणजे अक्काची गाणी. त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप केला होता.

अमळनेरजवळच्या आमच्या गावी, घराच्या मागच्या अंगणात कडुनिंब आहे. आखाजीच्या आधी त्याला झोका बांधत. अंबाडीचा दोर, नवा, हाताला खाजवणारा, त्याला एक कडवट वास. कडुनिंबाचा मोहर डोक्यावर पडत राही. घरात सांजोऱ्या तळल्या जात असत आणि पुरण वाटलं जात असे, त्या वासानं भूक नसली तरी लागे. पुरुष मंडळी सकाळीच पत्त्यांचे कॅट घेऊन मळ्यातल्या खोपीत पसार होत. आखाजीला पत्ते खेळायचे हा त्यांचा धर्म, आणि ते घरात नसले की आमची आखाजी सुरू.

माझी धाकटी बहीण ज्योती आणि मी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायचो. एकीचे पाय दुसरीच्या पायांमध्ये. ती खाली बसली की मी उभी, मी बसले की ती उभी. एकीनं मध्येच जोर सोडला तर दुसरी दोरासकट गिरकी घेऊन खोडावर आपटणार. ज्योतीनं कधी जोर सोडला नाही. शेंडा पायाला लागेपर्यंत चढवायची, आणि मी घाबरून "पुरे" म्हटलं की खदखदा हसायची. तिच्या दातांमध्ये तेव्हा फट होती. आजही माझ्या डोळ्यांसमोर ज्योती म्हटलं की आधी ती फट येते, मग बाकीचं सगळं. म्हणून जास्त लागतं.

अक्का म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. रावेरला दिलेली. केळीवाल्यांचं घर, बागा, ट्रॅक्टर, सालदार, कशाला म्हणून कमी नाही. आखाजीला ती येई तेव्हा केळीच्या डागांचं लुगडं नेसून येई आणि आई तिला आधी धुतलेलं पातळ नेसायला लावी. केळीच्या चिकाचा डाग कशानं जात नाही, आणि अक्का म्हणे की तो ती मुद्दाम दाखवायला आणते, माहेरच्यांना कळलं पाहिजे बाग कोण सांभाळतं.

संध्याकाळी ऊन कलल्यावर अक्का झोक्यावर बसे. झोका घ्यायची नाही, नुसती पायानं माती उकरत बसायची. गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी खाली गोल करून बसत. गाण्याआधी ती मान वळवून सगळीकडे बघे आणि विचारी, "सासरनं कोनी शे का अठे?"

आम्ही एका सुरात म्हणायचो, "कोनी नई."

सासरचं कोणी इथे आहे का, हे विचारल्याशिवाय अक्कानं कधी तोंड उघडलं नाही. आमच्या गल्लीचा तो नियमच होता. झोक्यावर जे म्हटलं ते कोणी कोणाच्या सासरी न्यायचं नाही. एकदा गल्लीतल्या एका वहिनीची बहीण पाहुणी म्हणून आली होती, लांबून अक्काच्या सासरच्यांच्या नात्यात लागत होती. तिला हाताला धरून, डांगर खायला म्हणून, पुढच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि मग गाणं झालं. त्या बाईलाही राग आला नाही. तिच्याही माहेरी असाच झोका होता.

अक्काचे शब्द मी इथे लिहिणार नाही. आता नकोच. एवढं सांगते, कारण एवढं आता सगळ्यांनाच ठाऊक झालंय: त्या गाण्यात तिची पहिली मुलगी होती, जी बाळंतघरातच गेली, आणि बापू होते, म्हणजे अक्काचे यजमान. ते तेव्हा दारात उभे राहिले, आत आले नाहीत आणि एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी अक्का बागेत पाणी धरायला गेली. पण चाल थट्टेची. नवऱ्याची, सासूची नक्कल करत, हेल काढत म्हणायची. ऐकणाऱ्या बाया पदरानं डोळे पुसत हसत. दर वर्षी एखादं कडवं वाढे. अक्का शाळेत गेलेली नव्हती, तिची वर्षं त्या गाण्यात जमा होत. आणि आखाजी संपली की ती रावेरला जाऊन बापूंच्या ताटात गरम भाकरी वाढी, जन्मभर वाढली. बापूंवर तिची माया होती, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

दादानं पुढच्या ओट्याला फरशी बसवली त्या वर्षी मी तिचं गाणं मोबाइलवर घेतलं. आई नुकतीच गेली होती, आणि माणसाचा आवाज आधी विसरतो हे मला तेव्हा कळलं होतं. अक्काला विचारूनच घेतलं. तिनं मोबाइलकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "देख पोरी, हाई घरनं घरमाच ऱ्हाऊ दे. बाहेर जाऊ दिऊ नको." मी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. पुढची चार-पाच वर्षं दर आखाजीला घेत गेले. ज्योती जवळ बसायची, मोबाइल हलायला लागला की माझं कोपर खालून धरायची.

पुढे सगळ्या बहिणींची मागणी सुरू झाली. कोणी सुरतेला, कोणी पुण्याला, अक्काचं गाणं पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं नाही हे मी ठरवलंच होतं, तिथे टाकलेलं म्हणजे चौकात टाकलेलं. म्हणून सर्व्हर. आणि सर्व्हर म्हटला की त्याच्यावर चालवायचं सॉफ्टवेअर निवडायला हवं.

ते निवडणं म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखंच होतं. मी त्या वर्षीचा सगळा हिवाळा त्यात घातला. एक होतं ते दिसायला गोजिरं, टीव्हीवर सुरेख उघडायचं, अक्कालासुद्धा रिमोटनं लावता आलं असतं. पण आत येणाऱ्या प्रत्येकानं आधी परदेशातल्या त्या कंपनीच्या दारात नाव नोंदवायचं, मग आपल्या घरात यायचं. मला ते रुचलं नाही. आमच्या घरी कोण आलं, कोणी काय बघितलं, याची वर्दी कंपनीला कशाला? शिवाय आज फुकट असलेलं उद्या विकत होतं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. दुसरं अर्धं उघडं, अर्धं झाकलेलं, त्याचं बोलणं एक आणि वागणं एक. तिसरं कोणाच्याच मालकीचं नव्हतं. जगभरची हौशी माणसं मिळून ते बनवतात आणि फुकट देतात. रूप बेताचं, ज्योतीच्या जुन्या टीव्हीवर चालायला कुरकुर करायचं, दुरून जोडायचं तर माझंच डोकं खर्ची पडायचं. पण सगळं माझ्या डब्यात. कोणाला आत घ्यायचं ते मी ठरवणार, कोणाला कोणती खोली दाखवायची तेही मीच. मी तेच घेतलं. यजमान म्हणाले, "इतकी चौकशी तुझ्या बापानं माझी केली नव्हती." खरंच आहे ते.

आता मागे वळून बघते तेव्हा लक्षात येतं, मी विचारलेले सगळे प्रश्न बाहेरच्यांबद्दल होते. कंपनी डोकावेल का, चोर शिरेल का, वीज गेली तर काय, डिस्क मेली तर काय. एकही प्रश्न घरातल्यांबद्दल नव्हता. तो मला सुचलाच नाही, आणि सुचला असता तरी मला माझीच लाज वाटली असती.

त्या आखाजीला मी डबा घेऊन नाही, पण त्याची चावी घेऊन माहेरी गेले. प्रत्येकीच्या नावाचं वेगळं खातं केलं होतं, वेगळा पासवर्ड. एकेकीचा मोबाइल घेऊन त्यात तो घालून द्यायला बसले. दादा खाटेवर आडवा झाला होता. माझ्यापेक्षा मोठा तो, वडिलांच्या मागे माहेर त्यानं धरून ठेवलंय, आमच्या घागरीत त्याच्या हातचं पाणी असतं. त्यानं थोडा वेळ आमचा गोंधळ ऐकला.

"शालू, घर एकच शे नं?" तो म्हणाला. "मंग चाव्या इतल्या कसाले? बठ्ठास्नी एकच ठेव."

मी म्हटलं, "दादा, वेगळं असलेलं बरं असतं."

"वेगळं," तो उठून बसला. "काकांचं वेगळं झालं, भाऊबंदांचं वेगळं झालं. आता गाणं ऐकायलाही वेगळं? बहिणी-बहिणींत कुलपं?"

माझ्याकडे सगळ्यांनी अशा नजरेनं बघितलं जणू मीच वाटणीचा विषय काढला. आमच्या लोकांचं हे असंच. घराला कडी असते पण ती पाहुण्यांसमोर लावायची नाही. कपाटाची किल्ली देवघरात ठेवायची आणि ती देवघरात आहे हे गल्लीला ठाऊक असायचं. एकमेकांपासून काही बंद ठेवणं म्हणजे संशय घेणं, आणि संशयाइतका मोठा अपमान दुसरा नाही. अक्काही म्हणाली, जाऊ दे पोरी, आपलीच तर आहेत. मी सगळी खाती पुसली आणि एकच केलं. नाव ठेवलं आखाजी. पासवर्ड ज्योतीनं सुचवला, आमच्या कडुनिंबावरून. सगळ्यांना तो एका झटक्यात पाठ झाला.

खोटं कशाला बोलू, मग काही दिवस फार सुखाचे गेले. सुरतेची चुलत बहीण फोन करून सांगायची, स्वयंपाक करताना अक्का लावली होती. ज्योतीच्या लग्नाच्या कॅसेटीत वडील भर मांडवात घाम पुसताना सापडले, ते सगळ्यांनी आपापल्या घरी थांबवून थांबवून बघितले. मी डब्याजवळ बसून बघायची, त्याच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला की कुठेतरी कोणीतरी माहेरी आलंय असं वाटायचं.

भरताचे दिवस होते. मळ्यात शेकोटीवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, आणि आमच्या स्टाफची त्या वर्षीची पार्टी आव्हाण्याकडच्या एका मळ्यात होती. धूर डोळ्यांत जात होता. आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमनं मोबाइल पुढे केला, "अहो शालिनीताई, ही म्हातारी बघा, काय नवऱ्याची धुलाई करते." आणि त्या धुरात मी अक्काचा आवाज ऐकला.

वर कुठल्यातरी पानाचं नाव होतं, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. लोकांनी काय काय लिहिलं होतं. काहींनी बापूंची कीव केली होती, काहींनी अक्काला झाशीची राणी केलं होतं. मुलीचं कडवं आलं तिथेही लोक हसले होते, कारण चाल थट्टेची. बोली कळत नसलेल्यांनी खाली विचारलं होतं, ही काय म्हणतेय, आणि कोणीतरी चुकीचा अर्थ सांगितला होता. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मॅडमना वाटलं मला तिखट लागलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर मी सर्व्हर उघडला. कोण केव्हा आलं, काय बघितलं, याची नोंद तो ठेवतो. प्रत्येक ओळीत एकच नाव होतं. आखाजी, आखाजी, आखाजी. सगळं घर एका नावानं आत आलं होतं आणि एका नावानं बाहेर गेलं होतं.

मग मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. अक्का नाही बघितली, बाकीचं बघितलं. तो आमच्या डब्यातून काढलेला नव्हता. कोणीतरी टीव्हीवर गाणं लावून, समोर मोबाइल धरून घेतलेला होता, त्यामुळे चित्र जरा तिरकं आणि टीव्हीची काच चमकत होती. गाण्यात अक्काच्या मागे घराचं दार आहे, आतला अंधार आहे. त्या काळ्या जागेत टीव्हीसमोरची खोली उमटली होती. एक खिडकी, खिडकीला ग्रिल, ग्रिलमध्ये दोन मोर.

तो मोर मी ओळखते. ज्योतीचं धुळ्याचं घर बांधलं तेव्हा ग्रिल पसंत करायला आम्ही दोघी देवपूरच्या वेल्डरकडे गेलो होतो. समोरासमोर तोंड केलेले मोर सांगितले होते. त्यानं एकाची मान उलटी जोडली. एक मोर समोर बघतोय, दुसरा मागे वळून. बदलून देतो म्हणाला. ज्योती म्हणाली, राहू दे, हा रुसलाय. उसाचा रस पिताना आम्ही दोघी त्या मोरावरून हसून हसून बेजार झालो. धुळ्यात मोरांची ग्रिलं घरोघरी असतील, पण रुसलेला मोर एकाच घरात आहे.

दोन दिवस मी फोन केला नाही. मग केला. तिला सांगायची संधी द्यावी म्हणून नुसतं विचारलं, "ज्योती, अक्काचं गाणं बाहेर गेलंय, बघितलंस?"

"हो ना, ताई. मलाही एकीनं पाठवलं. कोणी केलं असेल गं?"

"तुझ्याकडून तर नाही ना गेलं, चुकून?"

"माझ्याकडून? माझ्या टीव्हीवर तर तुझं ते धड उघडतसुद्धा नाही."

तिचा आवाज अगदी सहज होता. मागे कुकरची शिट्टी झाली, ती म्हणाली, थांब हं, गॅस बंद करते, आणि परत येऊन मला माझ्या गुडघ्याचं विचारलं. ज्योती खापरावरचे मांडे करते आणि त्याचे व्हिडिओ टाकते, हे मला माहीत होतं. ते फारसं कोणी बघत नाही म्हणून ती खट्टू असायची, हेही माहीत होतं. तिनं तो कुठे टाकला, कोणाला पाठवला, तिथून कोणी उचलला, मला ठाऊक नाही. वाईट हेतूनं केलं नसेल. पण केसानं गळा कापला म्हणतात तो असा. आणि मला जास्त जिव्हारी लागलं ते त्या गुडघ्याच्या चौकशीनं.

बापूंपर्यंत ते रावेरलाच पोचलं. केळीची गाडी भरत होती. बापू वयामुळे आता काही करत नाहीत, पण गाडी लागली की खुर्ची टाकून बसतात. हमाल घड उतरवून विसाव्याला टेकले, एकानं मोबाइल लावला, सगळे हसायला लागले. बापूंना कमी ऐकू येतं. पण बायकोचा आवाज त्यांना ऐकू आला. त्यांनी मोबाइल मागून घेतला, कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला, परत दिला. घरी आले. आपली खाट माजघरातून बाहेर ओट्यावर काढली. तेव्हापासून ते तिथेच निजतात, तिथेच जेवतात. ताट सून नेते.

हे सगळं अक्कानं गेल्या आखाजीला सांगितलं. झोका बांधला होता, बाया जमल्या होत्या, अंगणात नेहमीसारखं पाणी मारलं होतं. अक्का झोक्यावर बसली नाही. पायरीवर बसून, खाली बघत, बापूंच्या खाटेचं सांगितलं. कोणी केलं असं तिनं विचारलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तुले सांगेल व्हतं, पोरी."

मी ज्योतीकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. ती डांगर कापत होती. बिया काढत होती, एकेक फोड ताटात लावत होती. मग मान वर न करता म्हणाली, "ताई, तेव्हाच जरा चांगलं सॉफ्टवेअर घ्यायचं होतंस. फुकटातलं घेतलं, मग असं होणारच."

सगळ्या बायांनी माझ्याकडे बघितलं. कोणीतरी चुकचुकलं. दादा नेमका तेव्हाच दारात आला होता, तो म्हणाला, "आता जाऊ द्या ना, सणाचा दिवस शे." त्याला कोणी सांगावं की एकच चावी त्याच्याच सांगण्यावरून झाली होती.

मी डांगराचं ताट उचलून बायांपुढे फिरवलं. त्याला मोठेपणा म्हणू नका. नंतर कितीतरी वेळा मी ती वाक्यं जुळवली. त्या सॉफ्टवेअरनं काय केलं, ज्योती? ते बिचारं जसं सांगितलं तसं वागलं. ते मोबाइल घेऊन टीव्हीसमोर उभं राहिलं नाही. कपडे वाळत घालताना, लॅबमध्ये पोरं परीक्षेला बसलेली असताना, ही वाक्यं माझ्या तोंडात येतात. पण त्या दिवशी अंगणात मी मोर म्हणाले नाही, खिडकी म्हणाले नाही. म्हणाले असते तर अक्काला एकाच दिवसात दोन भाच्या गमवाव्या लागल्या असत्या, असा विचार मी नंतर केला. तेव्हा काहीच केला नव्हता.

निघताना अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "पुसी टाक."

"कोणतं, अक्का?"

"बठ्ठं."

मी म्हटलं, अक्का, पुसून काय होणार, बाहेरचं तर आता माझ्या हातात नाही. ती म्हणाली, बाहेरचं तुझ्या हातात नाही, घरचं आहे ना. तिच्यासमोर पायरीवर बसून मी मोबाइलवरून सर्व्हर उघडला आणि दर वर्षीची गाणी एकेक करून काढून टाकली. प्रत्येक वेळी त्यानं विचारलं, नक्की काढायचं का. अक्काला वाचता येत नाही, मी तिला वाचून दाखवलं. ती दर वेळी मान हलवत होती. माझ्या लॅपटॉपवर होती तीही जळगावला येऊन काढली. न काढता काढली म्हणता आलं असतं, तिला कुठून कळणार होतं. पण मग माझ्यात आणि ज्योतीत फरक तो काय राहिला असता?

परवा ज्योतीचा निरोप आला. ताई, आपलं ते चालू आहे ना, पाहुण्यांना माझ्या लग्नाची कॅसेट दाखवायचीय, जुना पासवर्ड चालत नाहीये. पुढे दोन हसरी तोंडं. जुना चालत नाही कारण आता मी प्रत्येकाची वेगळी चावी केली आहे. दादालासुद्धा वेगळी दिली, आणि त्यानं ती मुकाट्यानं घेतली. फक्त ज्योतीची करायची राहिली आहे. तिचं नाव टाकून ठेवलंय, खालच्या चौकटी रिकाम्या आहेत: हिला काय काय दिसावं. लग्न तिचंच आहे, ते मी तिला कसं नाही म्हणणार. ती खूण मी आज ना उद्या करेन. तिच्यापासून लपवावं असं त्या डब्यात आता काही उरलेलंही नाही.

आणि अक्का या वर्षी आखाजीला येत नाहीये. दादानं फोनवर शेवटी हळूच सांगितलं. बापूंना सोडून कशी येऊ म्हणाली. झोका बांधू का नको, असं त्यानं मला विचारलं, मी फोन ठेवून दिला.

आज दुपारी डांगर कापलं. यजमान झोपले होते, डबा घुरघुरत होता. मला अक्काचा आवाज ऐकावासा वाटला. तो आता माझ्या घरात नाही, दादाच्या घरात नाही, कोणत्याच बहिणीकडे नाही. तो ऐकायचा तर मला त्या परक्या पानावरच जावं लागतं. मी गेले. खालची तोंडं झाकायला पडद्यावर बोट ठेवलं. अक्का झोक्यावर बसलेली आहे, पायानं माती उकरतेय. मान वळवून ती सगळीकडे बघते, मग थेट माझ्याकडे बघते, कारण मोबाइल माझ्या हातात होता आणि खालून माझं कोपर ज्योतीनं धरलं होतं.

"सासरनं कोनी शे का अठे?"

तिच्या मागच्या काळ्या दारात तो मोर मान वळवून उभा आहे. आणि पडद्याच्या अलीकडून आमचा दोघींचा आवाज येतो, "कोनी नई." नीट ऐकलं तर ज्योतीचा माझ्या जरासा आधी येतो.